उजव्या हाताची दोन बोटं

ज्याच्या अंगावर बधिर चट्टा आहे आणि जो तो शर्टाच्या बाहीखाली झाकून हिंडतो, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. रोगाची शास्त्रीय माहिती डॉक्टर देतील, मला ती नीट येतही नाही. मला काय झालं आणि त्या काळात आजूबाजूची माणसं कशी वागली, एवढंच मला सांगता येतं. रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही. माझी बायको जमना म्हणते, तुमचा स्वभावच तुसडा, रडायला माणूस आधी मऊ असावा लागतो. असेलही.

मी यवतमाळात ट्राफिकचा शिपाई होतो. आमचा तांडा महागावकडचा. आम्ही गोरमाटी, लोक बंजारा म्हणतात. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले, पुढे ते काम संपलं आणि आम्ही शेती करू लागलो. बैलांची पारख तेवढी माझ्या बापाच्या हातात राहिली. त्याचं नाव थावरा. आसपासच्या गावातलं कोणी बैल घ्यायला निघालं की त्याला सोबत नेई. घरी आम्ही आमची बोली बोलतो. इथं मी बापाचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो, कारण आमची बोली कागदावर वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

ड्रम

मी पोलिसात लागलो तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मग तो मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. बिल्ले बदलले, साहेबांच्या खुर्च्या बदलल्या. चौकातला डांबराचा उलटा ड्रम मात्र तोच राहिला आणि त्याच्यावर मीही तोच.

फटफट्या तेव्हा इतक्या थोड्या होत्या की नुसत्या आवाजावरून मी कोणाची कुठली ते सांगत असे. खरा त्रास बैलगाड्यांचा. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागे आणि निम्मे गाडीवान कापसावर झोपलेले असत. जागे असत त्यांना ‘डाव्या बाजूनं चाला’ सांगून उपयोग नसे. गाडीवान स्वतःची डावी-उजवी कशाला मोजेल? तो बैलांची मोजतो. म्हणून मी ओरडत असे, “डावा बैल गटाराले लागून चालव!” हे बरोबर समजे. गाडी लगेच आपल्या बाजूला जाई.

एस.टी.च्या ड्रायव्हरांशी असं बोलावं लागत नसे. उजवा पंजा समोर धरला की एस.टी. थांबे. तांड्यातल्या पोरानं नुसता हात दाखवावा आणि सरकारची एवढी मोठी गाडी उभी राहावी, याचा मला मोठा तोरा होता. आरशात पाहून मी पंजा कसा ताठ दिसतो ते बघत असे.

त्याच हाताला आणखी एक मान होता. लायसनच्या परीक्षेला मोटार निरीक्षक दौऱ्यावर येत. लोक त्यांना मोटारसाहेब म्हणत. किडकिडीत माणूस, बारमाही छत्री जवळ. पोलीस मैदानावर मी विटा मांडून आठचा आकडा आखून ठेवी आणि उमेदवार त्यातून फटफटी फिरवत. कोणी कापूस व्यापाऱ्याचा मुलगा, कोणी मलेरिया खात्याचा इन्स्पेक्टर, कोणी रस्त्याचा ठेकेदार. आठचा आकडा बहुतेकांना जमे. अडायचं ते इशाऱ्याला. फटफटीला तेव्हा दिवे-बिवे नव्हते वळायचे. वळायचं, थांबायचं, सगळं हातानं दाखवायचं, तेही उजव्या. आणि वेग देण्याची मूठही उजव्याच हाताला. हात काढला की वेग जाई, वेग गेला की मशीन आचके देऊन बंद पडे, आणि ठेकेदारसाहेब मैदानाच्या मधोमध पाय टेकून उभे राहत. मग मोटारसाहेब म्हणत, “राठोड, दाखवा यांना.” मी मूठ सोडायचो, पंजा काढून दाखवायचो आणि मशीन मरायच्या आत हात परत मुठीवर. त्या वेळी माझ्याकडे पाहणारे लोक मला अजून आठवतात.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की माझ्याकडे जे काही होतं ते त्या उजव्या हातात होतं.

जळका वास

आमच्या गणवेशात अर्धी पँट होती आणि पोटऱ्यांना गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळाव्या लागत. एकदा नेरच्या बाजारचा बंदोबस्त आटोपून मी फटफटीवर परत येत होतो, मागे जमादार बसले होते. मध्येच ते वास घेऊ लागले.

“राठोड, काय जळून राह्यलं बे?”

“वावरात कोणी पऱ्हाटी पेटवली असंन.”

“वावरात कायची पऱ्हाटी! तुह्या पायातून धूर निघून राह्यला!”

गाडी थांबवली. उजव्या पायाची पट्टी सायलेन्सरला टेकून काळी पडली होती. सोडली तर आत पोटरीवर रुपयाएवढी कातडी भाजलेली. जमादारांनी तोंड फिरवलं. मला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. तिथं एक फिकट चट्टा होता, तो मी उन्हाचा समजून सोडून दिला होता.

घाबरायचं सोडून मी फुशारलो. पोलीस लाइनीत जमादारांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. राठोडचा पाय लोखंडाचा आहे, कातडी जळली तरी हूं की चूं नाही. आठवडाभर मी लंगडत नव्हतो याचं लोकांना कौतुक आणि मलाही. दुखत नाही म्हणजे आपण मर्द, असं समजणारा मी काही एकटा नव्हतो. आमच्या तांड्यात, लाइनीत, सगळीकडे तेच चाले. हे वाचणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं. दुखत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दुपट्टा

रोग पहिल्यांदा ओळखला तो डॉक्टरनं नाही, माझ्या बापानं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी बापाला एक बैल घ्यायचा होता. मी रजा काढून बैलबाजारात गेलो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. समोरच्यानं दाबलेलं बोट समजलं की आपण उलट दाबायचं. घासाघीस मी करावी, म्हणजे शिपायाला पाहून देणारा जरा नरम येईल, असा बापाचा बेत होता. कुठपर्यंत चढायचं ते सांगायला त्यानं मला बाजूला घेतलं आणि माझ्या उजव्या हातावर दुपट्टा टाकला.

मी वाट पाहत उभा राहिलो. तोही माझ्याकडे पाहत उभा राहिला.

“सांग ना, बा,” मी म्हणालो.

“सांगतलं. दोनदा सांगतलं.”

मला त्याचा हात अंगठ्याशी लागत होता. तो करंगळीशी काही करतो आहे हे मला कळलंच नव्हतं. मग त्यानं एक गोष्ट केली, जी बैलबाजारात कोणी करत नाही. भर बाजारात दुपट्टा उचलला. दुपट्टा उचलणं म्हणजे सौदा मोडणं. बैलवाला मागून ओरडला, “काहून, बुवा? काय झालं?” बापानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पाहत होता. दोन्ही जराशी आत वाकलेली होती. ड्रमवर उभा राहून रोज तोच पंजा दाखवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

“हे बोट बोलत काहून नाही?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, फटफटीच्या मुठीनं अवघडलं असेल.

बापाच्या चुलत्याला हा रोग होता. तांड्याबाहेर लांब त्याला झोपडी बांधून दिली होती आणि भाकर दगडावर ठेवून माणसं परत येत. बाप लहान असताना ती भाकर ठेवायला जाई. त्याला ओळखायला डॉक्टर लागला नाही.

बैल न घेता आम्ही बाजाराबाहेर आलो. बाभळीखाली तो थांबला, माझ्यापासून चार हात लांब. म्हणाला, “सरकारी डाक्टरले दाखव. अन् धना, तुह्या बहिणीचं लगन होईस्तोर तांड्यात येऊ नको.”

 तो रागावला असता तर मला उलट बोलता आलं असतं. तो रागावला नव्हता, भ्यालेला होता. मी यवतमाळच्या एस.टी.त बसलो तेव्हा तो खिडकीशी आला नाही. बापाचा मला एवढा राग त्याआधी कधी आला नव्हता.

गरम की थंड

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. कापसानं जिथं लागेल तिथं बोट ठेवायला सांगितलं. मग दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत थंड. पोटरीला लावून विचारलं, “गरम की थंड?” मी म्हणालो, थंड. मग म्हणालो, गरम. शेवटी ते म्हणाले, “अंदाजानं सांगू नका, राठोड. कळत नसेल तर नाही म्हणा.” पोलिसाला ‘नाही’ म्हणायची सवय नसते. मी म्हणालो, “नाही.”

रुमाल सोडल्यावर त्यांनी माझं कोपर आपल्या हातात धरलं आणि आतली शीर चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती. कुष्ठरोग आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. लोक महारोग म्हणतात तोच. गोळ्या आहेत, त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील. माझ्या प्रकारच्या रोगापासून दुसऱ्याला लागण व्हायची भीती नाही, असंही म्हणाले. मी एकच विचारलं, “हात जाईल का?”

“गेलं ते परत येईल असं मी म्हणणार नाही. आहे ते राहावं म्हणून आपण दोघं झटू.”

बाहेर लिंबाखाली जमना बसली होती. मी हात पुढे केला आणि रोगाचं नाव सांगितलं. तिनं बोटांकडे पाहिलं.

“भाकरी मीच थापतो ना?” ती म्हणाली. “कपडे मी धुतो, पाणी मी आनतो. तुमचा हात घरी कोन्या कामाचा व्हता? चौकात दाखवाले व्हता. उठा, घरी चला.”

मी हसलो. घरी आल्यावर ती धुणं घेऊन मोरीत बसली आणि बराच वेळ तेच एक धोतर आपटत राहिली. मी आत गेलो नाही. दोघांनाही ते बरं पडलं.

वॉर्डातले दिवस

पुढे कोपराची शीर सुजली आणि हात असा ठणकू लागला, की सगळा हातच त्या बोटांसारखा बधिर व्हावा असं वाटे. मला शेजारच्या जिल्ह्यातल्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात पाठवलं. कोपर प्लास्टरमध्ये घालून तो पावसाळा मी तिथं काढला.

तिथली सकाळ पाण्यानं सुरू होई. सगळे जण हात-पाय पाण्यात बुडवून बसत, मग तेल चोळत, मग तपासणी. आपलाच हात उलटा-सुलटा करून बघायचा, कुठं फोड आहे का, कुठं खरचटलं आहे का. इतरांचा हात त्यांना सांगतो, आमचा सांगत नाही, म्हणून डोळ्यांनी विचारावं लागतं. सुरुवातीला मला त्याची लाज वाटे. नंतर ते दाढी करण्याइतकं साधं होऊन गेलं. अजूनही मी रोज करतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर राळेगावकडचा वामन होता. सुतारकाम करायचा. तो आणि त्याचं सगळं घर बौद्ध झालेलं. पहिल्या दिवशी मी दुसरीकडे तोंड करून पडलो होतो तर म्हणाला, “कोन्या गावचे व्हा, शिपाईदादा?”

मी तुटक उत्तर दिलं.

“धर्म बदलला तवा गावानं माहं पाणी तोडलं,” तो म्हणाला. “चट्टा निघाला तवा घरानं ताट येगळं केलं. मले आता सवय झाली. तुमाले होईन.”

“मले नाही करायची सवय,” मी म्हणालो.

“मंग तर लवकर बरे व्हा, बाप्पा. इथं रागीट मानसाले जेवन जात नाही.”

जेवण जातं असं मला पुढे दिसलं, आणि वामनशी भांडलं की जास्तच जातं. कपाचा कान गरम लागत नसल्यानं माझी बोटं भाजायची, तर त्यानं जाड लाकडी मूठ घासून कपाला बसवून दिली. मी फटफटीच्या मुठीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं सायकलची जुनी ट्यूब मिळवली आणि तिचे वेढे कसे घ्यायचे ते दाखवलं. जाड मूठ असली की उरलेल्या बोटांत नीट बसते. त्यालाही बोटं कमीच होती. मी बरा होऊन निघालो तेव्हा तो तिथंच राहिला, आणि पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. शोधायला हवं होतं असं वाटतं.

जमना येऊन जाऊन असे. बाप आला नाही. याडी, म्हणजे माझी आई, जमनाच्या हाती काहीबाही पाठवी. बहिणीचं लग्न झालं. मला बोलावणं नव्हतंच. जमना गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. तिला जेवायला वेगळं बसवलं होतं. नवऱ्यामुलाकडच्यांना संशय येऊ नये म्हणून ‘मुलाले ड्यूटी हाय’ असं सांगितलं होतं, आणि तिनं ते मान हलवून खरं केलं होतं.

त्या दिवशी ती खाटेशी उभी राहून माझ्यावर कडाडली. “रोग तुमाले अन् पत्रावळ माही येगळी! मी काय केलं व्हतं?”

मी म्हणालो, “सोडून जा मग.”

हे मी बोललो. सगळा वॉर्ड ऐकत होता. ती निघून गेली आणि पुढच्या आठवड्यात चिवडा घेऊन परत आली. त्या बोलण्याचा विषय आम्ही कधी काढला नाही. घरात असा आजार आला की सगळ्यात आधी जीभ बिघडते. तेवढं ज्यानं त्यानं सांभाळावं.

विटांमधून

प्लास्टर निघालं. हाताची तीन बोटं शाबूत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलीच राहिली. मुख्य डॉक्टरांनी दाखला दिला की माझ्यापासून कोणाला धोका नाही. तो घेऊन मी यवतमाळला हजर झालो.

फौजदारांनी दाखला वाचून टेबलाच्या कडेला ठेवला. मग मला मालखान्यात बसवायचं बोलू लागले. जप्त केलेल्या सायकली आणि गंजलेल्या कुऱ्हाडींबरोबर. माणसांसमोर नको, असा अर्थ. मी म्हणालो, मला ड्रम पाहिजे. त्यांनी सुस्कारा सोडला. “हात तसा. गाडी चालवता येते का, इशारा देता येतो का, हे मोटारसाहेबाकडून पास करून आण. त्यांनी नाही म्हटलं तर मग मालखाना, आणि पुन्हा कुरकुर नको.”

म्हणून त्या महिन्याच्या परीक्षेला मी उमेदवारांच्या रांगेत उभा राहिलो. विटा दुसऱ्या शिपायानं मांडल्या होत्या आणि वाकड्या मांडल्या होत्या. तो माझ्याशी बोलला नाही. आदल्या दिवशी मी फटफटी पुसून ठेवल्यावर त्यानं तिच्या मुठी फिनेलनं पुन्हा पुसल्या होत्या. वास येत होता. त्याच मुठीवर मी ट्यूबचे वेढे चढवले.

आठचा आकडा मी नीट केला. मग मोटारसाहेब ओरडले, “थांबण्याचा इशारा!”

मी मूठ सोडली आणि हात काढला.

“पंजा पूर्ण उघडा!”

“एवढाच उघडतो, साहेब.”

 पूर्वी याच हाताकडे लोक कौतुकानं पाहायचे, आता नुसते पाहत होते. मशीन मरायच्या आत मी हात मुठीवर आणला.

मोटारसाहेब छत्री घेऊन मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. “माझ्या अंगावर या. छत्री खाली केली की थांबायचं.”

दुसऱ्या कुठल्या उमेदवाराला त्यांनी असं सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी लांबून वेग घेतला. छत्री उघडी, स्थिर. पुढचा ब्रेक उजव्याच हाताला असतो, आणि तो दाबायला माझ्याकडे दोन बोटं होती. छत्री खाली आली. मी दाबला, पायानंही दाबला. धूळ उडाली आणि चाक त्यांच्या बुटांच्या पुढे थांबलं. ते जागचे हलले नव्हते. मला मात्र घाम फुटला होता, हे सांगायला आता हरकत नाही.

त्यांनी छत्री मिटली. “गाडी थांबते,” ते म्हणाले. “हात पाहून लोक थांबतील का, ते मला सांगता येत नाही. हातमोजा घाला.”

लायसन कायम राहिलं.

मोजा

जमनानं पांढऱ्या जाड कापडाचा मोजा शिवला. वाकड्या बोटांच्या जागी तिनं कापूस ठासून भरला, त्यामुळे लांबून पाचही बोटं ताठ दिसत. मी ड्रमवर चढलो. एस.टी. थांबली, गाड्या थांबल्या. गावात कोणाला काय ठाऊक होतं ते मला माहीत होतं, पण मोजा पाहून सगळ्यांनी ठाऊक नसल्यासारखं वागायचं ठरवलं. पानवाला पैसे हातात न देता फळीवर ठेवी, एवढंच. मी स्वतःला सांगत असे की मोजा धुळीपासून जपायला आहे. आणि मोज्यात हात घातला की मला बरं वाटे, हेही खरं आहे.

कापसाचा हंगाम आला. एका दुपारी जिनिंगकडे जाणारी रांग चौकात शिरत होती आणि तिच्यातली एक गाडी सरळ उजव्या बाजूनं येत होती.

“ए, डावा बैल गटाराले लाव!” मी ओरडलो.

गाडीवानानं ऐकलं नाही. गाडी ड्रमपाशी येऊन उभी राहिली आणि कापसावरून माझा बाप उतरला.

बाभळीखालच्या त्या दिवसानंतर मी त्याला पाहिलं नव्हतं. वाळला होता. त्याला बैलाची डावी-उजवी मी शिकवायची म्हणजे गंमतच. तो मुद्दाम आडवा आला होता.

“बा, गाडी काढ. मागं एस.टी. आहे.”

“राहू दे.”

तो ड्रमच्या अगदी जवळ आला. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला. भर चौकात. मग आत हात घातला आणि मोज्याचं टोक धरून मोजा ओढून काढला. मी हात मागे घेऊ लागलो तर त्यानं मनगट पकडलं. बैल धरणाऱ्या हातातून मनगट सुटत नाही.

त्यानं माझा अंगठा दाबला. मी उलट दाबला. मग पहिलं बोट, मग मधलं. मी उत्तर देत गेलो. मग मला काही कळेना. मी खाली पाहिलं. दुपट्टा करंगळीच्या जागी हलत होता. तो ती दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. तिच्याकडून उत्तर येणार नाही हे त्याला बाजारातच कळलं होतं, तरी तो दाबत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, तुसडा असलो तरी.

“पोरीचं लगन झालं,” तो म्हणाला. “तिले आता तिच्या घरी कोनी काही म्हनत नाही. मी तुले तांड्याबाहीर ठेवलं, धना. काकाले ठेवलं तसंच. दगडावर भाकर ठेवाले बी आलो नाही.”

मागून एस.टी.नं भोंगा वाजवला. तो हलला नाही.

“आता बोल. उद्या घरी येतो का, नाही? तुही याडी वाट पाहून राह्यली. जमनीले घेऊन ये. पंगतीत बसन ते, मधोमध.”

मी मधलं बोट दाबलं.

“झाला सौदा,” तो म्हणाला आणि दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला. मोजा त्यानं मला दिला नाही. बंडीच्या खिशात घातला आणि बैलांचे कासरे हातात घेतले.

माझा हात उघडाच राहिला. पानवाला पाहत होता, गाडीवान पाहत होते. मागची एस.टी. भोंगा वाजवत, वळसा घालून बापाच्या गाडीला ओलांडायला पुढे सरकू लागली. मी तिच्याकडे वळलो आणि उजवा पंजा समोर धरला. तीन बोटं उघडली, दोन वाकडी राहिली.

ड्रायव्हरनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि ब्रेक दाबला. बापाची गाडी पलीकडे जाईपर्यंत एस.टी. उभी होती.